सूत, संख्या आणि संज्ञा : फंक्शनल प्रोग्रॅमिंगमधील वेष्टन-प्रकारांची चिकित्सा

सारांश

एखाद्या साध्या मूल्याभोवती नवा प्रकार गुंडाळून त्यास स्वतंत्र ओळख देण्याची पद्धत फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये रूढ आहे. इंग्रजीत तिला रॅपर टाइप म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी वेष्टन-प्रकार ही संज्ञा योजली आहे. या पद्धतीमुळे आज्ञावली अधिक सुस्पष्ट होते, असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. भिवंडीच्या यंत्रमाग व्यवसायातील सूतमोजणी आणि 1957 साली आलेली दशमान नाणेपद्धती ही दोन उदाहरणे घेऊन या दाव्याची येथे तपासणी केली आहे. केवळ नाव दिल्याने स्पष्टता येत नाही. त्या नावाखाली कोणत्या क्रिया चालतील आणि कोणत्या चालणार नाहीत हे ठरविल्याने ती येते, असा लेखाचा निष्कर्ष आहे.

बीजसंज्ञा : फंक्शनल प्रोग्रॅमिंग, हॅस्केल, वेष्टन-प्रकार, न्यूटाइप, काउंट, डेनियर, यंत्रमाग.

1. प्रस्तावना

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर होय. येथील महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी मागाचा व्यवसाय आहे किंवा घरातील कोणी ना कोणी मागावर काम करते. त्यामुळे प्रकल्पाचा विषय निवडताना सूतसाठा, बीमचा हिशेब, कापडाचे मीटर असे विषय वारंवार पुढे येतात. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने अशीच एक लहान आज्ञावली लिहून आणली. ताण्यातील धाग्यांची संख्या, ताण्याची लांबी आणि सुताचा नंबर दिला की किती किलो सूत लागेल हे ती सांगत असे. आज्ञावलीत व्याकरणाची चूक नव्हती. ती चालत होती आणि उत्तरही देत होती. मात्र तिच्यातील सूत्र डेनियरसाठी होते आणि घातलेला आकडा काउंटचा होता. उत्तर पाहताच विद्यार्थ्याच्या वडिलांनी एवढ्या सुतात बीम भरणार नाही असे सांगितले, म्हणून चूक उघडकीस आली.

या प्रसंगात चूक करणारा विद्यार्थी अज्ञानी नव्हता. काउंट म्हणजे काय आणि डेनियर म्हणजे काय हे त्यास लहानपणापासून ठाऊक होते. ते ज्ञान त्याच्या आज्ञावलीत मात्र कोठेही नोंदलेले नव्हते. आज्ञावलीच्या दृष्टीने 40 म्हणजे निव्वळ 40. हीच उणीव भरून काढण्याचा दावा वेष्टन-प्रकार करतात. हा दावा कितपत खरा आहे आणि तो कोणत्या अटींवर खरा ठरतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

2. संकल्पनेची मांडणी

फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये आज्ञावली ही फलनांची गुंफण असते. एका फलनाचे फलित दुसऱ्या फलनास दिले जाते आणि या जोडणीचा आधार म्हणजे मूल्यांचे प्रकार. प्रकार जुळले की कंपायलर जोडणी मान्य करतो. साहजिकच प्रकार जितका ढोबळ, तितकी चुकीची जोडणीही मान्य होण्याची शक्यता अधिक.

हॅस्केल या भाषेच्या निर्मितीचा निर्णय 1987 साली अमेरिकेतील पोर्टलंड येथील परिषदेच्या वेळी झाला आणि भाषेचा पहिला अहवाल 1990 साली प्रसिद्ध झाला. वेष्टन-प्रकारासाठीचा न्यूटाइप हा स्वतंत्र शब्द 1996 सालच्या 1.3 या आवृत्तीत आला. त्याचे नियम काटेकोर आहेत. न्यूटाइपला एकच रचनाकार असतो आणि त्या रचनाकारात एकच मूल्य असते. कंपायलरच्या तपासणीत नवा प्रकार मूळ प्रकाराहून सर्वस्वी वेगळा मानला जातो. आज्ञावली प्रत्यक्ष चालताना मात्र वेष्टन उरत नाही, मूळ मूल्य तेवढे राहते. सर्वसाधारण डेटा घोषणेत मूल्याभोवती खरोखर एक पेटी तयार होते; न्यूटाइपमध्ये ती होत नाही.

विद्यार्थ्याच्या आज्ञावलीतील फलनाचा प्रकार समजुतीसाठी देवनागरीत असा लिहिता येईल :

वजन : दशांश → दशांश → दशांश

वेष्टन-प्रकार वापरल्यास तोच असा होईल :

वजन : डेनियर → मीटर → ग्रॅम

पहिल्या ओळीवरून वाचकास काहीही कळत नाही. दुसऱ्या ओळीवरून फलनाचे निम्मे काम कळते. शिवाय येथे काउंट दिल्यास कंपायलर आज्ञावली नाकारतो. वेष्टन-प्रकारांच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद मुख्यतः एवढाच आहे, आणि तो मोलाचा आहे.

या ओळी देवनागरीत समजुतीसाठीच लिहाव्या लागतात, हेही येथे नोंदविले पाहिजे. हॅस्केलमध्ये प्रकाराचे व रचनाकाराचे नाव मोठ्या लिपीतील अक्षराने सुरू व्हावे लागते. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसल्यामुळे 'डेनियर' हे नाव देवनागरीत प्रकार म्हणून उभे राहू शकत नाही. नामकरणातून स्पष्टता आणू पाहणाऱ्या पद्धतीत मराठी नावास ही आडकाठी आहे.

3. एकच आकडा, दोन अर्थ

सुती सुताची जाडी काउंटमध्ये मोजतात. एक पौंड वजनाच्या सुतात 840 यार्डांच्या जितक्या लडी भरतात, तितका त्या सुताचा काउंट. म्हणजेच आकडा जितका मोठा, तितके सूत बारीक. कृत्रिम धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात. 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. येथे आकडा जितका मोठा, तितका धागा जाड. एकाच धाग्याचा काउंट आणि डेनियर यांचा गुणाकार सुमारे 5315 येतो. त्यानुसार 40 काउंटचे सूत सुमारे 133 डेनियरचे ठरते.

आता ताण्यात 4000 धागे आहेत आणि प्रत्येकाची लांबी 1000 मीटर आहे असे धरू. एकूण लांबी 40 लाख मीटर झाली. धागा 40 डेनियरचा असेल तर सुमारे 17.8 किलो सूत लागेल. सूत 40 काउंटचे असेल तर सुमारे 59 किलो लागेल. आकडा तोच, लांबी तीच, आणि उत्तरात तिपटीहून अधिक फरक.

व्यवहारात ही गफलत सहसा होत नाही. मागवाला 'चाळीसचे सूत' म्हणतो तेव्हा समोर कोन असतो, हाताला सूत लागलेले असते, व्यापारी ओळखीचा असतो. संदर्भ शब्दांबाहेर असला तरी तो हजर असतो. आज्ञावलीस हात नाही आणि ओळखही नाही. जे बोलणाऱ्याने गृहीत धरले ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. यास्तव बोलण्यात पुरेसा ठरणारा उल्लेख आज्ञावलीत अपुरा ठरतो.

4. नावाची पाटी आणि नावाचा नियम

येथे एक सोपा उपाय सुचू शकतो. दशांश या प्रकारालाच काउंट असे दुसरे नाव द्यावे. हॅस्केलमध्ये अशी टोपणनावे देण्याची सोय आहे. अक्षरमालिकेसाठीचा स्ट्रिंग हा परिचित शब्ददेखील तेथे अक्षरांच्या यादीचे टोपणनावच आहे. मात्र टोपणनाव ही केवळ पाटी होय. दशांशाला काउंट म्हटले आणि दशांशालाच डेनियर म्हटले, तर कंपायलर दोहोंना एकच समजतो. वाचकाला दिलासा मिळतो आणि संरक्षण मात्र मिळत नाही. चुकीच्या ठिकाणीही पाटी लागू शकते आणि ती वाचून वाचक अधिकच निर्धास्त होतो, हा यातील धोका आहे.

मापांच्या इतिहासात याचे उदाहरण सापडते. ब्रिटिश काळात मुंबईचा मण 28 पौंडांचा, तर बंगालचा मण सुमारे 82 पौंडांचा होता. दोन्हीकडे शब्द 'मण' हाच. नाव होते, पण त्या नावाखालचा नियम जागोजागी वेगळा होता. अशा वेळी नाव असणे हेच गैरसमजाचे कारण ठरू शकते.

याउलट 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणेपद्धती लागू झाली, तेव्हा शासनाने केलेली योजना पाहावी. जुन्या पद्धतीत रुपयाचे 16 आणे आणि 64 पैसे होत असत. नव्या पद्धतीत रुपयाचे 100 पैसे झाले. दोन्ही नाणी काही काळ एकाच खिशात आणि एकाच गल्ल्यात राहणार होती. म्हणून नव्या नाण्यास 'नया पैसा' असे नाव दिले गेले आणि ते रुपयाचा शंभरावा भाग असल्याचे नाण्यावरच कोरले गेले. नाव वेगळे केले आणि त्याचबरोबर रूपांतराचा नियमही जाहीर केला. जुन्या पैशाशी गल्लत होण्याचे कारण संपल्यावर, 1 जून 1964 पासून, 'नया' हे विशेषण काढून टाकण्यात आले. वेष्टन केव्हा घालावे आणि केव्हा उतरवावे, या दोन्ही गोष्टींचा हा चांगला वस्तुपाठ आहे.

या उदाहरणात आणखी एक बारकावा आहे. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात. पूर्णांकात ते 6 धरावे लागतात. चार आण्यांचे बरोबर 25 नवे पैसे होतात. पण एकेक आणा चार वेळा स्वतंत्रपणे बदलला, तर हाती 24 च येतात. म्हणजे आधी बेरीज करून मग रूपांतर करणे आणि आधी रूपांतर करून मग बेरीज करणे यांची उत्तरे जुळत नाहीत. वेष्टन-प्रकार वापरल्यास रूपांतर एका नामांकित फलनातूनच करावे लागते. त्यामुळे ते कोठे होते हे आज्ञावलीत दिसते आणि अशा प्रश्नाची चर्चा तरी शक्य होते. नुसत्या संख्यांमध्ये ते कोठेही न दिसता घडून जाते.

5. बेरजेचा अर्थ

वेष्टन-प्रकारांचे समर्थन बहुधा 'चुका टळतात' एवढ्यावर थांबते. त्यांचे अधिक महत्त्वाचे कार्य वेगळे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. एकाच संख्येवर करावयाची 'जोडणी' कोणती, हे वेष्टन ठरविते.

हॅस्केलच्या प्रमाणित ग्रंथालयात सम आणि प्रॉडक्ट असे दोन वेष्टन-प्रकार आहेत. संख्या एकत्र आणण्याच्या दोन रीती आहेत, बेरीज आणि गुणाकार. एका प्रकारासाठी जोडणीचा एकच नियम नोंदविता येतो; म्हणून संख्येला सम या वेष्टनात घातले की बेरीज होते आणि प्रॉडक्टमध्ये घातले की गुणाकार होतो. सत्य-असत्य मूल्यांसाठी ऑल आणि एनी हे असेच जोडीदार आहेत.

सुताच्या बाबतीत हेच दिसते. 75 डेनियरचे दोन धागे एकत्र पिळले, तर पिळामुळे येणारे आकुंचन सोडून, 150 डेनियरचा धागा होतो. येथे साधी बेरीज लागू पडते. 40 काउंटचे दोन धागे एकत्र पिळले तर मात्र 80 काउंट होत नाही, 20 होतो. 40 आणि 60 काउंटचे धागे पिळल्यास फलित 24 काउंट येते, कारण येथे व्यस्तांकांची बेरीज करावयाची असते. शून्याचे स्थानही बदलते. 'धागाच नाही' या स्थितीचा डेनियर शून्य, तर काउंट अनंत. पिळणे ही प्रत्यक्षातील क्रिया एकच आहे. तिचे गणित मात्र मापानुसार वेगळे आहे.

काउंट हा वेष्टन-प्रकार करून त्याच्या जोडणीचा नियम एकदा नीट लिहिला, तर पुढे 'हे दोन धागे जोड' एवढेच म्हणावे लागते. नियम प्रत्येक ठिकाणी आठवावा लागत नाही. येथे वेष्टन हे धाग्याच्या व्यवहाराचे वर्णन ठरते. आज्ञावली स्पष्ट होते ती यामुळे.

6. दाव्यांची तपासणी

वेष्टन-प्रकारांच्या बाजूने केल्या जाणाऱ्या दाव्यांपैकी तिहींचा येथे विचार करू.

पहिला दावा सुरक्षिततेचा. रचनाकार सर्वांना खुला असेल तर कोणीही उणे पाच काउंट तयार करू शकतो. वेष्टन आहे, पण आत काय ठेवावे यावर बंधन नाही. अलेक्सिस किंग यांनी 2020 सालच्या एका निबंधात याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे. केवळ नाव म्हणजे सुरक्षितता नव्हे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. रचनाकार मॉड्यूलच्या आत लपविणे आणि तपासणी करणारे एकच फलन बाहेर ठेवणे, हा यावरील रूढ उपाय होय. मात्र येथे संरक्षण मिळते ते मॉड्यूलच्या सीमेमुळे. न्यूटाइप त्यास साहाय्य करतो. हा भेद विद्यार्थ्यांस स्पष्ट सांगितला पाहिजे.

दुसरा दावा सोयीचा. मूळ प्रकाराच्या क्रिया वेष्टन-प्रकारास आपोआप बहाल करण्याची सोय हॅस्केलच्या जीएचसी या कंपायलरमध्ये आहे. तिचा मोह पडतो. तथापि काउंटला संख्येच्या सर्व क्रिया अशा रीतीने दिल्या, तर 40 अधिक 40 बरोबर 80 हे चुकीचे गणित पुन्हा वैध ठरते. एवढेच नव्हे, तर आज्ञावलीत लिहिलेला नुसता 40 हा अंक जागेनुसार कधी काउंट, तर कधी डेनियर म्हणून मुकाट्याने स्वीकारला जातो. ज्या चुकीसाठी वेष्टन घातले तीच चूक मागच्या दाराने आत येते. सोय स्वीकारताना आपण कोणती क्रिया नाकारू इच्छित होतो, याचा विचार आधी झाला पाहिजे.

तिसरा दावा विनामूल्यतेचा. वेष्टनास चालतेवेळी काहीही खर्च नाही, हे एका मूल्यापुरते खरे आहे. दहा हजार काउंटच्या यादीचे दशांशांच्या यादीत रूपांतर करताना पूर्वी संपूर्ण यादी फिरावी लागण्याचा संभव होता. 2014 साली जीएचसीच्या 7.8 आवृत्तीत कोअर्स ही सोय आली आणि हा खर्च टळला. परंतु सरसकट रूपांतर धोक्याचे असते. काउंटची क्रमवारी जाड ते बारीक अशी ठरविली काय आणि जाडीच्या उतरत्या-चढत्या क्रमात उलट ठरविली काय, क्रमाने रचलेल्या संचाचे प्रकार नुसते बदलले तर त्याची आतील रचना नव्या क्रमाशी विसंगत होऊ शकते. म्हणून अशा संचांच्या बाबतीत कंपायलर हे रूपांतर नाकारतो. म्हणजेच चालतेवेळचा खर्च वाचविण्यासाठी भाषेच्या रचनाकारांना बराच विचार खर्चावा लागला आहे. वाचकाचा खर्चही मोजला पाहिजे. प्रत्येक पूर्णांकास वेष्टन घातलेली आज्ञावली वाचताना गुंडाळणे आणि उलगडणे यांतच लक्ष विखुरते.

या तीन दाव्यांखेरीज एक मर्यादा आहे, तिचा उल्लेख क्वचित होतो. वेष्टन आज्ञावलीच्या आतच जिवंत असते. माहिती फाइलमध्ये लिहिली की पुन्हा नुसता 40 उरतो. 1999 साली मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान गमावले गेले. एका संगणकप्रणालीने आवेगाचे आकडे पौंड-बल-सेकंदांत दिले आणि ते वाचणाऱ्या प्रणालीने ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे मानले. ही चूक दोन प्रणालींच्या दरम्यान घडली. कोणत्याही एका आज्ञावलीतील वेष्टन-प्रकार तेवढ्याने ती रोखू शकला नसता. आपल्याकडे एक्सेलच्या तक्त्यात 'नंबर' या शीर्षकाखाली 40 लिहिलेले असते. तेथून आकडा आत घेताना तो काउंट आहे की डेनियर हे विचारणारा दरवाजा ठेवला नाही, तर आतील सर्व वेष्टने निरुपयोगी ठरतात.

7. वापराचे निकष

वरील विवेचनावरून तीन निकष सुचविता येतात. पहिला, एकाच स्वरूपाच्या दोन राशी एकाच फलनात किंवा एकाच नोंदीत शेजारी येतात काय? दुसरा, या राशीसाठी बेरीज, क्रम किंवा समानता यांचा अर्थ मूळ संख्येहून वेगळा आहे काय? तिसरा, मूळ प्रकाराची काही मूल्ये येथे निषिद्ध आहेत काय? यांपैकी एकाचे तरी उत्तर होकारार्थी असेल तर वेष्टन घालावे. तिन्ही उत्तरे नकारार्थी असतील तर चलाला नीट नाव देणे पुरेसे आहे. काउंट तिन्ही निकषांवर उतरतो. कारखान्यातील मागांची संख्या बहुधा एकावरही उतरणार नाही. ती साधा पूर्णांक म्हणून राहिली तरी बिघडत नाही.

8. निष्कर्ष

मुंबई विद्यापीठाच्या 2019 च्या सुधारित अभियांत्रिकी अभ्यासक्रमात माहिती तंत्रज्ञान शाखेच्या द्वितीय वर्षात हॅस्केलचा समावेश झाला. हे स्वागतार्ह आहे. तथापि न्यूटाइप ही घोषणेची एक रीत म्हणून शिकविली, तर विद्यार्थी तिचे व्याकरण तेवढे लक्षात ठेवील. ती अर्थ नोंदविण्याची रीत म्हणून शिकवावयाची असेल, तर उदाहरणे विद्यार्थ्याच्या परिसरातून घेतली पाहिजेत. भिवंडीत ती शोधावी लागत नाहीत.

प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याने पुढे आपली आज्ञावली दुरुस्त केली. त्याने प्रथम सूत्रावर एक टीप लिहिली. नंतर काउंट आणि डेनियर हे दोन प्रकार वेगळे केले. शेवटी तक्त्यातून आकडा घेतानाच मापाचे नाव विचारणे सक्तीचे केले. या तीन पायऱ्यांत प्रस्तुत लेखाचे सर्व विवेचन आले. टीप वाचकावर विसंबते, प्रकार कंपायलरवर विसंबतो आणि दरवाजावरचा प्रश्न आकडा घालणाऱ्या माणसालाच जबाबदार धरतो.

अशा चुकीची किंमत सहसा आज्ञावली लिहिणाऱ्यास मोजावी लागत नाही. सूत कमी पडून माग थांबला, तर मीटरवर मजुरी मिळणाऱ्या कामगाराची ती पाळी बुडते. हिशेबात 40 च्या पुढे मापाचे नाव होते की नव्हते, हे त्यास कधी कळतही नाही. आज्ञावलीतील स्पष्टता ही केवळ प्रोग्रॅमरच्या सोयीची बाब नाही, असे म्हणावयाचे ते याच कारणाने.